नापास माती

जमीन मऊ लागली म्हणून मी तिथे फावडं मारलं, आणि तिथेच फसलो.

मे महिना होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. माती तपासणीच्या कामावर मी नवा होतो आणि गणेशपुरीच्या अलीकडच्या एका गावात बाळाराम नावाच्या शेतकऱ्याच्या खाचरातून नमुना घ्यायला गेलो होतो. भात कापल्यावर पाच-सहा महिने उघडं पडलेलं खाचर म्हणजे भाजलेलं कौल. फावडं मारलं की ठण्ण आवाज येई आणि झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत जात. नियम असा, की खाचरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा तेच, असं करत शेवटी अर्धा किलो माती उरली की पिशवीत भरायची. मी तीन खड्डे केले. हाताला दोन फोड आले. बाळाराम गावात लग्नाला गेलेले, बघायला कोणी नव्हतं. तेवढ्यात खाचराच्या कोपऱ्यात एक काळसर चौकोन दिसला. फावडं ओल्या वाळूत जावं तसं आत गेलं. उरलेले सगळे खड्डे मी तिथेच काढले आणि आंब्याच्या सावलीत डबा खाल्ला.

प्रयोगशाळेचा निकाल आला तो पाहून मीच खूश झालो. स्फुरद उत्तम, पालाश भरपूर. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘जमीन सुपीक. खताची आवश्यकता नाही.’ बाळारामांनी तो कागद घरात भिंतीला चिकटवला आणि सरकारवर विश्वास ठेवून त्या वर्षी खरंच काही घातलं नाही.

भात पिवळं पडलं. विरळ आलं. त्यांच्याकडे पाटाखालची दोनच खाचरं, एक मोठं आणि एक धाकटं, आणि त्यांच्यावर घरातली सात माणसं वर्षभर जेवायची. दिवाळीच्या आधी मी पुन्हा त्या गावात गेलो तेव्हा बाळारामांनी माझा हात धरला आणि मोठ्या खाचरात नेलं.

“साहेब, माती कुटनं घेतली ती दाखवा बघू.”

मी साहेब नव्हतो, सहाय्यक होतो. पण पॅन्ट घालून फाईल धरणाऱ्या कोणालाही तिथे साहेबच म्हणत. मी कोपरा दाखवला. बाळाराम बांधावर बसले आणि पोट धरून हसायला लागले.

“अवो, त्यो राब हाय! तुमी देवलाच्या दानपेटीत हात घातला आनी सगला गाव श्रीमंत हाय म्हनून लिवलं!”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, कारण त्या दिवशी मलाही नीट माहीत नव्हतं. आमच्याकडे भाताची रोपं करायची असतात त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत रचतात, वरून माती भुरभुरतात आणि पेटवून देतात. याला राब भाजणं म्हणतात. तणाचं बी मरतं, राख मिसळते, आणि तेवढा एक तुकडा काळा, भुसभुशीत, सोन्यासारखा होतो. हा पाला नि गवत येतं कुठून? डोंगराच्या उतारावर प्रत्येकाची थोडी गवताळ जमीन असते, तिला वरकस म्हणतात. वरकस म्हणजे उरलंसुरलं, असा मी शब्दाचा अर्थ लावला होता. तो अर्थ किती चुकीचा होता हे कळायला मला आणखी वर्ष-दीड वर्ष लागलं.

चूक सुधारायची म्हणून कापणी झाल्यावर मी नव्याने नमुने घेतले. या वेळी दोन्ही खाचरांत दहा-दहा खड्डे, राबापासून लांब, झाडाच्या सावलीपासून लांब, बांधापासून लांब. कचेरीतल्या पिशव्या संपल्या होत्या म्हणून चाळीमागच्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून बायकोने पिशव्या शिवून दिल्या. सुनंदा नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, भिवंडीत कामतघरच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. शिलाई चालू असताना ती म्हणाली, “मातीला एवढं नवं कापड! आमच्या वर्गातल्या मुलांना शर्ट नाहीत.” पण शिवल्या छान, आत चिठ्ठी ठेवायला खिसा सुद्धा केला.

निकाल आला. सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद कमी. पहिल्या वेळी मी माती उगाच चांगली ठरवली होती. आता कोणी मला नाव ठेवू नये म्हणून मी प्रत्येक ‘कमी’खाली तांबड्या शाईने रेघ ओढली. एका ठिकाणी दोन ओढल्या. कागद बाळारामांच्या शेजाऱ्याजवळ दिला आणि खरेपणाचं समाधान घेऊन घरी आलो.

पंधरा-वीस दिवसांनी बाळारामच आमच्या दारात. पायातल्या चपला बाहेर काढून, हातात तोच कागद.

“साहेब, माती नापास जाली ना?”

“नापास कसली? कमी आहे काही काही.”

“तांबड्या रेघा हायेत. आमच्या पोरीच्या परगतीपुस्तकावर अशाच हायेत, ती नापासच हाय.” मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. “इटभट्टीवाला शेठ आलेला. बोलतो, वरची माती खराब जाली तर हातभर मला दे. खालची ताजी माती वर येल. दोनी खाचरं मागतो. धाकटं पयलं.”

भिवंडीच्या आसपास विटांच्या भट्ट्या तेव्हा झपाट्याने वाढत होत्या. विटेला भाताच्या खाचराची वरची चिकण माती लागते. भट्टीवाला माती नेतो, जमीन शेतकऱ्याचीच राहते, त्यामुळे काही विकलं असं वाटतच नाही.

मी बाळारामांना बसवून समजावलं. जमिनीचं जे काही आहे ते त्या वरच्या वीतभरात आहे. पाला पडतो, शेण पडतं, मुळं मरतात. गांडुळं आणि डोळ्यांना न दिसणारी हजार जित्राबं ते खातात, कुजवतात आणि पुन्हा रोपाला खाता येईल असं करून ठेवतात. खालची माती ताजी नाही, उपाशी आहे. बाळारामांनी मान डोलावली. खेड्यात मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“शेठ आठ-धा दिवस थांबल,” ते म्हणाले. “तुमी मला कायतरी डोल्यांनी दिसल आसं दाखवा.”

मला शास्त्रज्ञ होण्याची संधी चालून आली. डालड्याचे दोन रिकामे डबे घेतले, तळाला भोकं पाडली. एकात धाकट्या खाचराची वरची माती, दुसऱ्यात हातभर खालून काढलेली पिवळसर माती. दोन्हीत वालाचे सहा-सहा दाणे. दोन्ही डबे स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवले आणि वर कागद चिकटवले, ‘वर’ आणि ‘खाली’. आमच्या चाळीच्या मागेच लूमचा कारखाना. खटखटीने खिडकी अशी थरथरे की डबे दिवसभरात बोटभर सरकायचे. संध्याकाळी घरी आलो की आधी ते जागेवर आणायचे, मग चहा. सुनंदाला मी बजावून ठेवलं होतं, दोघांना सारखंच पाणी, एक-एक पेला, कमी नाही जास्त नाही.

चौथ्या दिवशी ‘वर’मधले पाच कोंब डोकं काढून उभे. ‘खाली’च्या मातीवर कडक पापुद्रा धरला होता, त्यातून एकच कोंब वाकडा होऊन कसाबसा बाहेर आला होता. मी इतका आनंदलो की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

दहाव्या दिवशी बाळाराम आले. मधले दिवस दौऱ्यावर होतो, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबरच डबे पाहिले. दोन्ही सारखे! खरं सांगायचं तर ‘खाली’मधला एक वेल थोडा उंचच. शेजारणीचं मांजर त्याच डब्याला अंग घासत बसलं होतं. मी डबे उलटसुलट केले, कागद बदलले गेले का पाहिलं.

“साहेब,” बाळाराम अगदी मायेने म्हणाले, “तुमी लई मेहनत घेतली. पन माती मातीच हाय. वरची काय न खालची काय.”

त्याच आठवड्यात धाकटं खाचर खोदलं गेलं.

पुढे मी याचं कारण शोधून काढलं, आणि शेतकरी मेळाव्यांत पुष्कळ वर्षं ते हशा घेत सांगितलं. वालाचा दाणा स्वतःची शिदोरी बरोबर घेऊन जन्माला येतो. पहिले दहा-बारा दिवस तो मातीला काही मागतच नाही, दाण्यातलंच खातो. म्हणजे मी जो प्रयोग मांडला होता तो मातीचा नव्हताच, डाळीचा होता. मातीच्या खात्यातल्या माणसाला एवढं कळू नये! लोक हसायचे, मीही हसायचो. धाकट्या खाचराचं मात्र मी मेळाव्यात सांगत नसे.

त्या पावसाळ्यात धाकट्यात लावणी केली. पाणी साचून राहिलं, उतरेना. रोपं महिनाभर जशी लावली तशीच उभी, पिवळी. मुळं उपटून पाहिली तर बोटभर सुद्धा खाली गेलेली नव्हती. चिखलात गांडूळ नाही, खेकड्याचं बीळ नाही, बगळे सुद्धा त्या खाचरात उतरत नव्हते. ते मोठ्या खाचरात जाऊन बसत. मला डब्यांत जे दाखवता आलं नाही ते बगळ्यांनी दाखवलं.

कापणीनंतर ठरल्याप्रमाणे भट्टीची माणसं मोठ्या खाचरावर आली. मी तिथे होतो. कशासाठी गेलो होतो ते आता आठवत नाही, बहुतेक माफी मागायचं मनात असावं. बाळाराम बांधावर उभे. शब्द दिलेला. त्यांची बायको हिराबाय विळा घेऊन राबाच्या त्या काळ्या चौकोनात जाऊन बसली आणि गवत कापायला लागली. तिथे कापण्यासारखं गवत नव्हतंच.

मुकादम म्हणाला, “बाय, उठा. शेठचा बोलना झालाय.”

“बोलना माझ्याशी न्हाय झाला,” हिराबाय म्हणाली. वर पाहिलंही नाही. “माझ्या सासूनं हितं राब भाजला, तिच्या सासूनं भाजला. डोंगरावरनं भारे आनून आनून माझ्या डोक्याला घट्टा पडलाय, ह्यो बघ. ती सगली मेहनत ह्या मातीत हाय. राब भाजतात त्यो पिकायला. तुमी तर मातीच भाजता.”

मुकादमाने बाळारामांकडे पाहिलं, बाळारामांनी माझ्याकडे. मी काहीतरी शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं.

“साहेब, तुमी बोलू नका,” हिराबाय म्हणाली. “तुमी बोल्लात का मंग आमचा काय ना काय जातो.”

मोठं खाचर वाचलं. त्यात माझा हात काही नाही, फक्त तोंड मिटण्याचं श्रेय घेतो.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. हातातलं तांबडं पेन खाली ठेवून ती म्हणाली, “आम्ही शाळेत नुसतं ‘कमी’ लिहीत नाही. खाली लिहितो, पाढे पाठ करून घ्यावेत, रोज एक पान शुद्धलेखन. तुम्ही रेघा मारल्यात आणि पुढे काय करायचं ते लिहिलंच नाहीत. माणूस काय समजणार?” मग तिने विचारलं, “पूर्वी ही माती चांगली होती ना? मग कमी का झाली?”

हा प्रश्न खरं तर मी विचारायला हवा होता. पुढच्या खेपेला बाळारामांना विचारला. उत्तर सोपं होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळी गोठ्यात दहा-बारा गुरं. ती वरकसवर चरत, रात्री गोठ्यात शेण, ते शेण खाचरात. डोंगराचं गवत असं गुरांच्या पोटातून खाली शेतात उतरायचं. आता गुरं दोनच. वरकसवरचं सगळं गवत दर दिवाळीनंतर कापून, गाठी बांधून, ट्रकने मुंबईच्या तबेल्यांत जातं. तिथल्या म्हशी खातात, आणि शेण तिथेच गटारात. वर्षानुवर्षं डोंगर मुंबईला जात होता आणि परत काहीच येत नव्हतं. वरकसवरचं चांगलं गवत सुद्धा हटलं होतं, कपड्यांत घुसणारं कुसळ तेवढं माजलं होतं. वरकस म्हणजे उरलंसुरलं नव्हे. ती खाचराची आई होती, आणि तिलाच आम्ही उपाशी ठेवलं होतं.

हे मी सुनंदाला मोठ्या शोधाच्या थाटात सांगितलं. ती म्हणाली, “गवत नेणारा ट्रक परत येताना काय आणतो?”

“काही नाही. रिकामा येतो.”

“मग?”

एवढंच म्हणाली, “मग?” आणि पोळ्या लाटायला लागली. पण त्यानंतर दर दोन दिवसांनी विचारायची, “त्या ट्रकवाल्याला भेटलात का?” एरवी माझ्या नोकरीत तिने कधी इतकं लक्ष घातलं नव्हतं.

ट्रक मुस्तफाभाईंचा. निजामपुऱ्यात त्यांचे लूम, आणि जोडीला वडिलोपार्जित गवताचा धंदा. कोकणातलं जुनं घराणं, मराठी आमच्यासारखीच, चिडले की हिंदी. मी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, तबेल्यातलं शेण परतीच्या ट्रकमधून आणाल का?

मुस्तफाभाईंनी बशी खाली ठेवली. “साहेब, जाताना घास, येताना गोबर? अरे, ये मेरा ट्रक है या भैंस का पेट?”

लूमवरचे कामगार हसायला लागले. मीही हसलो. “तसंच समजा. फक्त म्हैस जरा लांबवर हगते.”

“ड्रायव्हर पळून जाईल माझा.”

“तुमच्या गवतात दर वर्षी कुसळ वाढतंय. तबेलेवाले तक्रार करतात ना?”

ते एकदम गंभीर झाले. तक्रार होतीच, मागच्या हंगामात दोन ट्रक तबेल्यांनी परत पाठवले होते. मी सांगितलं, की जमिनीला काही परत मिळालं नाही तर आणखी काही वर्षांनी नेण्यासारखं गवतच राहणार नाही. मुस्तफाभाईंनी कप बशीत ठेवला. “एक हंगाम बघू. पण ताडपत्री तुमची. आणि ट्रक धुऊन द्यायचा, बाळारामने. मेरे कपड़े का गठ्ठा भी इसी में जाता है.”

ट्रक आला त्या दिवशी सगळा गाव नाक धरून बघायला जमला. ताजं शेण थेट शेतात टाकू नका, वर्षभर खड्ड्यात कुजू द्या, असं मी सांगितलं. या वेळी कागदावर, काळ्या शाईत, पुढे काय करायचं त्यासकट. कुजल्यावर थोडं वरकसवर गेलं, बरंचसं धाकट्या खाचरात. ड्रायव्हर पळाला नाही, त्याने खिडकीत उदबत्ती लावायला सुरुवात केली. एक हंगाम म्हणता म्हणता हे दहा-बारा वर्षं चाललं.

धाकटं खाचर सावरायला जवळजवळ तेवढीच वर्षं लागली. हातभर माती न्यायला भट्टीच्या माणसांना चार दिवस पुरले होते. आधी पाणी मुरायला लागलं. मग नांगर हलका चालू लागला. मग एका पावसाळ्यात बाळारामांनी निरोप पाठवला, “साहेबांना सांगा, धाकट्यात बगला उतरला.” मी एसटी पकडून बघायला गेलो. कचेरीत कारण लिहिलं, ‘क्षेत्रीय पाहणी’. पाहणी बगळ्याची होती.

याचा अर्थ मी भिवंडीची माती वाचवली असा कोणी घेऊ नये. आजूबाजूची किती खाचरं विटांत गेली आणि उरलेल्यांवर आता गोदामं उभी राहत आहेत, त्यांचे नमुने मीच एकेकाळी पिशवीत भरून आणले होते. जमिनीचा माझ्या हातचा कागद आहे, जमीनच उरली नाही, असं बऱ्याच ठिकाणी आहे. आता मला कचेरीत टेबल मिळालं आहे, फावडं दुसरे मारतात. नव्या मुलांना मी एवढंच सांगतो, मऊ जागा दिसली की आधी विचारा ती मऊ का आहे. आणि तांबडं पेन घरी ठेवा.

गेल्या महिन्यात बाळाराम आले होते. आता काठी आहे हातात. त्यांनी टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. सुनंदाने शिवलेली, तेव्हाचीच, धुऊन पिवळी पडलेली. आत अर्धा किलो नवे तांदूळ. खिशात चिठ्ठीसुद्धा, नमुन्याला जोडतो तशीच: शेतकऱ्याचं नाव, गाव, खाचर ‘धाकटं’. शेवटचा रकाना कोरा.

“निकाल तुमी लिवा, साहेब,” ते म्हणाले.

त्या तांदळाचा भात आम्ही रविवारी केला, कोळंबीच्या कालवणाबरोबर. जेवण झाल्यावर मी हा लेख सुनंदाला वाचून दाखवला. ती कोळंबी धुतलेलं पाणी खिडकीतल्या कढीलिंबाला घालत उभी होती. डालड्याच्या डब्यांचा भाग आला, मी दाण्यातल्या शिदोरीचं शास्त्र ऐकवलं, आणि ती हसली नाही. हातातलं पातेलं तसंच धरून ती म्हणाली, “तुमचं शास्त्र असेल खरं. पण त्या ‘खाली’ डब्याला मी रोज हेच पाणी घालत होते. एकटाच मागे पडला होता हो, बघवेना. पुढे खाचर गेलं, मग सांगायचा धीर झाला नाही.” मग रिकामं पातेलं मोरीत ठेवता ठेवता म्हणाली, “तो रकाना भरून टाका आता. आणि लेखातही लिहा, ट्रकचं मी का सुचवलं ते.”